पांढरा साका आणि म्हशीची वार : एका शालेय प्रयोगाची चिकित्सा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांची विज्ञान प्रदर्शने पाहण्याचा योग आम्हाला अधूनमधून येतो. ज्वालामुखी, पवनचक्की, पावसाच्या पाण्याची साठवण ही नेहमीची मंडळी तिथे असतातच. पण गेली काही वर्षे आणखी एक प्रयोग आमच्या पाहण्यात येतो. एका परीक्षानळीत म्हशीची लघवी घ्यायची, साधारण पाच मिलिलिटर. तिच्यात बेरियम क्लोराईडच्या एक टक्का द्रावणाचे पाच-सहा थेंब टाकायचे. पांढरा साका आला तर म्हैस रिकामी, साका आला नाही तर म्हैस गाभण. शेजारच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत मथळा असतो : ‘गर्भारपणातील संप्रेरकांचे मोजमाप, अत्यल्प खर्चात’.

वाळवे भागातील एका शाळेत हा प्रयोग मांडणाऱ्या नववीतल्या मुलाशी आम्ही बराच वेळ बोलत होतो. मुलगा हुशार होता आणि जनावरांत वाढलेला होता.

“सर, आमच्या घरच्या तीन म्हशी तपासल्या. दोन गाभण निघाल्या, एक रिकामी.”

“मग त्या रिकामीचं काय करणार?”

“आबा म्हणतात, माजाचं इंजेक्शन देऊन बघू. नाहीतर बाजार दाखवू.”

हे ऐकल्यावर तो प्रयोग आमच्या दृष्टीने केवळ प्रदर्शनातला प्रयोग राहिला नाही. परीक्षानळीतल्या पांढऱ्या साक्यावरून एका जित्या जनावराचा आणि एका घराच्या मिळकतीचा निकाल लागणार होता. म्हणून या प्रयोगाची चिकित्सा करणे आम्हाला आवश्यक वाटते. मुलांचा हिरमोड करावा हा आमचा हेतू नाही. उलट, इतका चांगला प्रश्न हाती असताना इतक्या कच्च्या उत्तरावर समाधान का मानावे, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

प्रश्न चांगला का आहे?

म्हैस भरवल्यानंतर साधारण तीनशे दहा दिवसांनी विते. ती फळली नसेल तर एकवीस दिवसांच्या सुमारास पुन्हा माजावर येते, म्हणजे ‘उलटते’. गाय उलटली तर ते सहसा कळते. म्हशीचा माज मात्र पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही, इतर जनावरांवर चढत नाही, सोट टाकला तरी तो लक्षात येईलच असे नाही. उन्हाळ्यात तर हा माज अधिकच दबतो. त्यामुळे म्हैस उलटली नाही म्हणजे ती गाभण आहे, असे मालक धरून चालतो, आणि दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून तपासल्यावर ती रिकामीच असल्याचे कळते. समजा, एका म्हशीच्या वैरण-पेंडीचा रोजचा खर्च दीडशे रुपये धरला, तर एक माज चुकणे म्हणजे तीन हजार दीडशे रुपये पाण्यात जाणे. असे तीन माज चुकले तर हिशेब दहा हजारांजवळ जातो. दोन-तीन म्हशींवर घर चालवणाऱ्याला हा घाव मोठा आहे.

तेव्हा लवकर, स्वस्त आणि गोठ्यात करता येण्याजोगी गाभण तपासणी हवी, ही गरज खरी आहे. विद्यार्थ्यांनी ती बरोबर ओळखली आहे. त्यांची चूक पुढच्या पायरीवर झाली आहे.

रसायनशास्त्राचा शिक्षक काय म्हणेल?

बेरियम क्लोराईड ही शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी ओळखीची बाटली आहे. ती आपण कशासाठी वापरतो? सल्फेट ओळखण्यासाठी. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पांढरा साका दिसतो. हाच साका लघवीत आला की तो अचानक संप्रेरकाची खूण कसा काय ठरतो?

तक्त्यावर कारण दिलेले असते : ‘गाभण जनावराच्या लघवीतील प्रोजेस्टेरॉन साका होऊ देत नाही.’ हे विधान आकड्यांवर तपासून पाहू. गाभण म्हशीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन दर मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. लघवीतही तितकेच, म्हणजे पाच नॅनोग्रॅम असते असे घटकाभर धरू. पाच मिलिलिटर लघवीत ते पंचवीस नॅनोग्रॅम होईल. आता बेरियमकडे पाहू. एक टक्का द्रावणाचे सहा थेंब म्हणजे सुमारे ०.३ मिलिलिटर, म्हणजे तीन मिलिग्रॅम बेरियम क्लोराईड. दोन्हींच्या रेणुभारांनी भागाकार करून पाहिला तर बेरियमच्या सुमारे दीड लाख आयनांमागे प्रोजेस्टेरॉनचा एक रेणू पडतो. प्रत्येक रेणूने एकेक बेरियम आयन घट्ट धरून ठेवला असे मानले, तरी उरलेले एक लाख एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव मोकळेच राहतात. लघवीतील प्रोजेस्टेरॉनजन्य द्रव्ये रक्तातल्यापेक्षा शंभरपट धरली तरी दीड हजारांत एकच अडतो. शिवाय प्रोजेस्टेरॉनने बेरियमला धरून ठेवावे असे त्याच्या रचनेत काही नाही, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत त्याच्या अवशेषांचा मोठा वाटा लघवीपेक्षा शेणावाटे बाहेर पडतो.

मग साका कधी येतो, कधी येत नाही, हे ठरवते कोण? लघवीतील सल्फेटचे प्रमाण. ते खाण्यातल्या प्रथिनांवर अवलंबून असते. सरकी पेंड खाणारी दुभती म्हैस आणि नुसत्या उसाच्या वाढ्यांवर ठेवलेली भाकड म्हैस यांच्या लघवीत फरक असणारच. पाणी किती प्यायली यावरही ते अवलंबून आहे. याशिवाय गवत खाणाऱ्या जनावरांची लघवी बहुधा अल्कधर्मी असते आणि तिच्यात कार्बोनेट असतात. बेरियम कार्बोनेटचाही साका पांढराच दिसतो. तो कार्बोनेटचा की सल्फेटचा हे पाहायचे तर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पाहावे. कार्बोनेटचा साका फसफसून विरघळेल, सल्फेटचा तसाच राहील. आम्ही पाहिलेल्या एकाही तक्त्यावर ही साधी पायरी नव्हती.

यात आणखी एक फसगत दडलेली आहे. गाभण जनावराला, विशेषतः आटल्यावर, वेगळी वैरण घातली जाते. त्यामुळे कधीकधी गाभण आणि रिकाम्या म्हशींच्या नळ्यांत खरोखरच फरक दिसू शकतो. पण तो फरक गव्हाणीतला आहे, गर्भाशयातला नव्हे.

‘पंच्याहत्तर टक्के बरोबर’ म्हणजे किती चूक?

यावर शिक्षक विचारतील, “कारण काही का असेना, पडताळा तर येतो ना?” अशा चाचण्यांच्या बाजूने टक्केवारी सांगितली जाते. ती नीट वाचायला मुलांना शिकवले पाहिजे.

समजा, शंभर म्हशी तपासल्या. त्यांतल्या साठ खरोखर गाभण आणि चाळीस रिकाम्या आहेत. चाचणीने गाभणपैकी पंचेचाळीस आणि रिकाम्यांपैकी तीस बरोबर ओळखल्या. एकूण पंच्याहत्तर बरोबर. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण काहीही न तपासता ‘सगळ्या गाभण’ असे सांगणाराही साठ टक्के बरोबर ठरला असता! आता चाचणीने ‘रिकामी’ म्हटलेल्या म्हशी मोजू. खरोखर रिकाम्या तीस, आणि चुकून रिकाम्या ठरवलेल्या गाभण पंधरा. म्हणजे पंचेचाळीस ‘रिकाम्यां’मध्ये तिसरा हिस्सा गाभण आहे.

माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात. ते अंडाशयातील पीतपिंड विरघळवते. म्हैस रिकामी असेल तर ती माजावर येते. ती गाभण असेल, आणि विशेषतः पहिल्या काही महिन्यांत असेल, तर गर्भ पडतो. म्हणजे वरच्या उदाहरणात चाचणीवर विसंबून इंजेक्शने दिली, तर पंधरा रेडके जन्माला येण्याआधीच गमावण्याची पाळी येईल. त्या मुलाला आम्ही हा हिशेब वहीवर मांडून दाखवला आणि डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका, असे आबांना सांगायला सांगितले.

गव्हाच्या दाण्यांची गोष्ट

याच पंक्तीतली दुसरी चाचणी म्हणजे बियांची. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रीची लघवी गव्हा-सातूच्या दाण्यांवर घालत. दाणे उगवले तर ती गर्भवती, असा समज होता. १९६३ साली घालियुंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले, तेव्हा सुमारे सत्तर टक्के गर्भवतींच्या बाबतीत दाणे उगवल्याचे त्यांना आढळले. १९९३ साली भारतात वीणा आणि नरेंद्रनाथ यांनी हीच कल्पना गायींना लावली. ती ‘पुण्यकोटी’ चाचणी म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु तिचे वाचन उलटे आहे : दाण्यांची उगवण रोखली गेली तर गाय गाभण. इजिप्तचा दाखला देऊन ही चाचणी मांडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. इथेही मुख्य प्रश्न तोच आहे. लघवीतले युरिया आणि क्षार जास्त झाले तरी बी उगवत नाही. मग तेवढ्याच युरियाच्या आणि मिठाच्या पाण्यातली तिसरी ताटली प्रयोगात का नसते?

वार काय करते?

आता मुळाशी येऊ. ‘गर्भवतीच्या लघवीत संप्रेरक सापडते’ हे वाक्य आपण पाठ्यपुस्तकातून घेतो, आणि तिथे ते माणसाबद्दल असते. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२७-२८ च्या सुमारास गर्भवतींची लघवी लहान उंदरांना टोचून पाहिली, तेव्हा उंदरांच्या अंडाशयात बदल दिसले. त्यामागचे संप्रेरक म्हणजे एचसीजी. ते गर्भाच्या वेष्टनातून निर्माण होते आणि लघवीत भरपूर उतरते. औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी तेच ओळखते.

मग ही पट्टी म्हशीला का चालत नाही? कारण म्हशीची वार एचसीजी तयारच करत नाही. गर्भारपण टिकवण्याचे काम निसर्गाने प्रत्येक प्राण्यात वेगळ्या पद्धतीने सोपवले आहे. माणसात दोन-अडीच महिन्यांनंतर वार स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. मेंढीतही साधारण पन्नास दिवसांनंतर वार हे काम पेलते. शेळीत मात्र अखेरपर्यंत पीतपिंडच लागतो. घोडीच्या रक्तात साधारण चाळीस ते एकशे वीस दिवसांच्या दरम्यान एक खास संप्रेरक आढळते. ते कोल आणि हार्ट यांनी १९३० साली दाखवून दिले. गाई-म्हशींचा गर्भ आपण आल्याची वर्दी इंटरफेरॉन टाऊ या प्रथिनाने देतो. ही वर्दी गर्भाशयातल्या गर्भाशयात दिली जाते आणि त्यामुळे पीतपिंड शाबूत राहतो. लघवीत तिचा पत्ता लागत नाही.

म्हणजे म्हशीच्या रक्तात किंवा दुधात सुरुवातीला जे प्रोजेस्टेरॉन मोजतात, ते वारेचे नसून पीतपिंडाचे असते. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. भरवल्यानंतर एकवीस ते चोवीस दिवसांनी दुधातले प्रोजेस्टेरॉन कमी असेल, तर म्हैस गाभण नाही हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. पण ते जास्त असेल तर ‘गाभण असावी’ इतकेच म्हणता येते. माजाचे चक्र लांबलेले असेल, भरवण्याची वेळ चुकलेली असेल किंवा गर्भाशयात पू झाल्याने पीतपिंड टिकून राहिला असेल, तरी ते जास्तच दिसते. ‘नाही’ खात्रीचे आणि ‘होय’ अंदाजाचे, असे या चाचणीचे स्वरूप आहे.

वारेची स्वतःची सही पाहायची तर इस्ट्रोन सल्फेट मोजतात. गायीच्या दुधात ते शंभर-एकशेवीस दिवसांनंतर भरवशाने सापडते. त्या वेळेपर्यंत डॉक्टरांच्या हाताला गर्भ लागलेलाच असतो. दुसरी सही म्हणजे वारेतील दोन केंद्रकांच्या पेशींतून आईच्या रक्तात येणारी गर्भसंबद्ध ग्लायकोप्रथिने. गायीत ती भरवल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या सुमारास ओळखता येतात. त्यांना सरसकट ‘संप्रेरके’ म्हणणे मात्र चूक आहे. ती पेप्सिनच्या कुळातली प्रथिने आहेत, आणि संप्रेरकासारखा निरोप पोहोचवण्याचे काम ती करतात असे दिसलेले नाही. व्याल्यानंतरही ती काही काळ रक्तात रेंगाळतात, त्यामुळे नुकत्याच व्यालेल्या जनावराची घाईने चाचणी केली तर जुन्याच गर्भाची साक्ष मिळते.

एसटीतल्या जागा

नॅनोग्रॅम मोजतात तरी कसे? १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनसाठी एक युक्ती काढली. कराडच्या स्थानकावर एसटी लागली आहे असे समजा. जागा ठरलेल्या. त्या म्हणजे प्रतिपिंडे. गाडीत चढायला लाल टोपीवाले पन्नास प्रवासी आहेत. ते म्हणजे खूण केलेले संप्रेरक, आणि त्यांची संख्या आपल्याला माहीत आहे. त्यांच्याबरोबर बिनटोपीचेही प्रवासी धक्काबुक्की करत आहेत. ते म्हणजे नमुन्यातले संप्रेरक. त्यांची संख्या आपल्याला काढायची आहे. गाडी सुटल्यावर बसलेल्या लाल टोप्या मोजायच्या. टोप्या कमी, तर बिनटोपीवाले जास्त. यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते. पुढे किरणोत्सारी खुणेऐवजी रंग देणारे विकर वापरणारी एलायझा पद्धत १९७१ मध्ये आली. अशा स्पर्धेच्या चाचणीत गडद रंग म्हणजे कमी संप्रेरक, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते.

प्रयोगशाळांनाही एक प्रश्न

आमची टीका केवळ शाळांपुरती नाही. गायीसाठी बेतलेली चाचणी आणि गायीचीच सीमारेषा म्हशीला लावण्याचा मोह तज्ज्ञांनाही होतो. प्रोजेस्टेरॉन चरबीत विरघळते. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गायीच्या जवळजवळ दुप्पट स्निग्धांश असतो. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटचे दाट असते. तेव्हा नमुना कुठल्या धारेचा, सायीसकट की साय काढून, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि तो आकडा म्हशींवरच तपासून ठरवलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट नोंदींची. कुठलीही चाचणी ‘भरवल्यापासून कितवा दिवस’ या एका माहितीवर उभी असते. भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांवरून संगणकावर नोंदी ठेवण्याची व्यवस्था उभी केली. तिचे महत्त्व आम्हाला यासाठीच वाटते. दोन म्हशींच्या मालकाला संगणक लागत नाही, गोठ्याच्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर पुरे. साधी तारीख नसेल तर महागडी एलायझाही मुकीच राहते.

मग शाळेत काय करावे?

निरोप घेताना त्या मुलाने विचारले, “सर, मग हा प्रयोग काढूनच टाकू का?” आमचे उत्तर होते, “काढू नकोस, पूर्ण कर.”

पूर्ण करायचा म्हणजे असे. पहिले, गोठ्यातल्या म्हशींबरोबर एका बैलाची आणि एका रेड्याची लघवी घ्यावी. रेड्याच्या नळीत साका आला नाही तर तो गाभण म्हणायचा का, हा प्रश्न वर्गाला विचारावा. दुसरे, बाटल्यांना नुसते क्रमांक द्यावेत. नळी पाहणाऱ्याला ती कोणाची हे ठाऊक नसावे. तिसरे, प्रत्येक साक्यावर विरल आम्ल टाकून पाहावे. चौथे, एकाच म्हशीची लघवी आठवडाभर रोज तपासून वैरणीची नोंद ठेवावी. पाचवे, डॉक्टरांच्या तपासणीचा निकाल नंतर जोडून वरच्यासारखा चार घरांचा तक्ता मांडावा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थेतल्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना शाळेत बोलावून त्यांच्यासमोर हा तक्ता ठेवावा. आणि एक इशारा : बेरियम क्लोराईड विषारी आहे, आणि जनावरांच्या लघवीतून रोगही पसरतात. हातमोजे घालावेत, द्रावण तोंडाने ओढू नये, उरलेले गोठ्यात किंवा ओढ्यात ओतू नये.

असा प्रयोग केला तर बहुधा चाचणी नापास होईल. पण ‘मोजमाप’ हा शब्द तक्त्यावर लिहिण्याआधी काय काय करावे लागते, हे ती मुले शिकतील. त्यांच्यापैकी कोणी पुढे म्हशीसाठी खरी चाचणी शोधायला निघाले, तर त्याला आधी कुठली चुकीची वाट सोडायची हे तरी ठाऊक असेल. तोपर्यंत गोठ्यातल्या ‘रिकाम्या’ म्हशीचा निकाल परीक्षानळीवर सोडू नये. भरवल्याची तारीख आणि डॉक्टरांचा हात, आज तरी त्या म्हशीला याच दोन गोष्टींचा आधार आहे.